डबेवैद्यांची निवृत्ती

ता. ३ नोव्हेंबर

ती. काकूस,
खांबाचे शि. सा. न. वि. वि.

तू तुझ्या बहिणीकडे जाऊन दोन महिने झाले, आणि इथे नाटक कंपनीत विंगेतल्या तुझ्या स्टुलावर बसायला कुणी धजत नाही. मॅनेजर एकदा बसले, पण त्यांना प्रॉम्प्टिंग म्हणजे भांडण वाटतं. नट वाक्य विसरला की ते सांगत नाहीत, ओरडतात. परवा पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी त्यांनाच गप्प बसा म्हणून दटावलं.

आता बातमी. काका गेल्यापासून बंद ठेवलेलं आपलं मालक-गड्याचं नाटक पुन्हा उभं राहतंय. महिनाअखेरीला, पुढच्या मुक्कामाच्या गावी. मालक मॅनेजर, आणि गडी कोण, तर मी! हसू नकोस. इतकी वर्षं मी मालक होऊन नुसता उभा राहिलो आणि काका माझ्याभोवती नाचले. खांब नसेल तर माकड चढणार कशावर, असं म्हणत त्यांनीच माझं हे नाव पाडलं. आता खांबालाच माकड व्हायचंय.

सगळ्यात छळतोय तो पाण्याचा ग्लास. मालक पाणी मागतो, गडी ट्रेमधून ग्लास घेऊन निघतो, वाटेत स्वतःच पिऊन टाकतो आणि परत भरायला जातो. तिसऱ्या खेपेला ग्लास मालकाच्या हातात पडतो, तोही रिकामा. काका हे असं करायचे की लोक खुर्चीवरून घसरायचे. मी करतो तेव्हा लोकांना वाटतं, याला खरंच तहान लागली असेल.

पण काल गंमत झाली. तालमीला जवळच्या शाळेतले शिक्षक बोलावले होते. एकजण हसेल तर शपथ. दुसऱ्या खेपेला मला पाणी पिता पिता जोराचा खोकला आला, आणि सगळे शिक्षक खो खो हसले. टाळ्याही पडल्या. मॅनेजर म्हणाले, खोकला ठेवून द्या.

काळजी करू नकोस, साधाच खोकला आहे, थोडा ताप. डबेवैद्यांची गोळी सुरू केलीय. मेकअपच्या टेबलाखालचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काका गेले तरी रुग्णसेवेत हजर आहे. काकांनी घालून दिलेली पद्धतही तीच : घसा बसला की डब्यातल्या अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या घ्यायच्या, आवाज सुटला की उरलेल्या पुन्हा डब्यात टाकायच्या, पुढच्या माणसासाठी. प्रयोग आजवर एकही बुडालेला नाही.

मावशींना नमस्कार. लोभ आहेच, तो पोस्टाने थोडा जास्त पाठव.

तुझा
खांब


ता. ७ नोव्हेंबर

चि. खांबास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ताईनं मोठ्यानं वाचून दाखवलं. खोकल्याच्या ओळीला ती हसली. मी हसले नाही.

आधी इथली हालहवाल देते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. मी बरी आहे. ताई मला विणकाम शिकवतेय, आणि आतापर्यंत मी एक अशी वस्तू विणलीय की जिला काय म्हणावं हे आम्हा दोघींनाही कळेना. संध्याकाळी टीव्हीवरच्या नटांना मी पुढचं वाक्य सांगते. बहुतेक वेळा बरोबर निघतं. ताई म्हणते, मग बघायचं कशाला? तुला वाटेल काकू फोन का करत नाही. फोनवर तू अभिनय करतोस, म्हणून करत नाही. कागदावर तुला तेवढं जमत नाही.

आता ऐक. तुझ्या काकांच्या शेवटच्या प्रयोगालाही खोकल्याला हशा पडला होता. तू त्यांच्याकडे पाठ करून उभा होतास, तुझ्या कामातच ते आहे, म्हणून तू पाहिलं नाहीस. मी विंगेतून पाहत होते. पहिला खोकला खरा होता. दुसरा त्यांनी हशासाठी काढला. तिसऱ्यापासून खरा कुठला आणि खोटा कुठला हे मलाही कळेना, आणि जन्मभर त्यांचा श्वासन् श्वास मला पाठ होता रे. मी आत या म्हणून खुणा करत होते आणि ते मला डोळा मारत होते. लोकांचं काय चुकलं? ते हसायलाच आले होते.

त्यांना न्यूमोनिया निघाला तेव्हा, आता काही जुन्या काळासारखं राहिलं नाही, औषध आहे, असं मला वाटलं होतं. औषध होतंच. पहिलं दिलं, ताप उतरेना. दुसरं दिलं, तरी तेच. तिसरं सलाईनमधून दिलं तेव्हा कुठे जंतू हलले, पण तोवर छातीत जीव उरला नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं की सगळं खापर एकट्या डब्यावर फोडता येणार नाही, असे दांडगट जंतू बाहेरूनही येतात. पण वर्षानुवर्षं साध्या सर्दीलाही अर्ध्या-मुर्ध्या गोळ्या खाल्ल्या की अंगातले जंतू कोडगे होतात, आणि मग खऱ्या वेळी औषध त्यांच्यापुढे हात टेकतं. ते कोडगे जंतू एकट्याच्या अंगातही राहत नाहीत, घरभर फिरतात. कंपनीत तर रंगाच्या एकाच ब्रशनं चौघं तोंड रंगवतात.

तेव्हा डब्याला हात लावायचा नाही. उद्या सकाळी दवाखान्यात जायचं, छाती दाखवायची, थुंकी तपासून घ्यायची. देतील ते औषध, सांगतील तितकं घ्यायचं. प्रयोग बुडाला तर बुडू दे. तुला मी तळहाताच्या फोडासारखं जपून वाढवलंय. माझं एक माणूस गेलं, दुसरं द्यायला माझ्याकडे नाही.

लोभ आहे तो वाढावा, खोकला आहे तो घटावा, ही विनंती नाही, हुकूम आहे.

काकू


ता. १३ नोव्हेंबर

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

हुकूम पोचला. पण आता त्याची गरजच उरली नाही, कारण मी बरा झालोय. गोळ्यांनी काम केलं. ताप गेला तशा मी त्या थांबवल्या, आणि उरलेल्या... जाऊ दे, त्या कुठे गेल्या हे लिहीत नाही, तू ओरडशील.

काकू, तुझं म्हणणं मला पटतं. पण तूच सांग, दवाखान्याच्या रांगेत सकाळ घालवली तर तालीम कोण करणार? तिकिटं सगळी गेलीत. लोक काकांसाठी येणार आहेत, मला पाहून त्यांचा हिरमोड होऊ नये एवढंच मनात आहे. काकांची जागा भरायची नाही गं मला, ती भरत नसते. पण ती रिकामी दिसू नये. त्यांचा कोट अंगात घातला की थोडा धीर येतो.

मॅनेजर मालकाचं काम करतात, पण उभं राहणं त्यांना जमत नाही. हलतात. उभं राहायला केवढी अक्कल लागते हे आता त्यांना कळलंय, आणि त्यांनी तसं सगळ्यांसमोर कबूल केलं. माझ्या आयुष्यातला सर्वात मोठा पुरस्कार हाच.

तुझ्या त्या विणलेल्या वस्तूचं काय झालं? गळ्यात घालता येत असेल तर पाठव.

लोभ असू दे, राग असला तरी चालेल.

तुझा
खांब

ता. क. अक्षर वेडंवाकडं आलंय, कारण थंडी वाजतेय. श्वास घेताना बरगडीत काहीतरी टोचतं. काकांच्या कोटात टाचणी राहिली असावी.


ता. १८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवून, डोक्यावर पदरही न घेता निघाले, त्याबद्दल आधी रागावून घे. झालं? आता पुढचं वाच.

टाचणी नव्हती. तो कोट मी शिवलाय, टाचणी असती तर मला ठाऊक असती. मी थेट थिएटरात शिरले तेव्हा आपला पठ्ठ्या ग्लास घेऊन तिसऱ्या खेपेला निघाला होता आणि वाटेतच खाली बसला. समोर बसलेले कंपनीचे लोक हसले. त्यांना वाटलं, नवीन काढलंय. मी स्टेजवर गेले, त्याचा दंड धरला आणि तसाच कोटासकट दवाखान्यात नेला. मॅनेजर मागून तालीम, तालीम म्हणत येत होते. दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी मात्र ते रिक्षावाल्याला थांबवून ठेवतो म्हणाले.

छातीच्या फोटोत उजव्या फुप्फुसावर ढग दिसला. न्यूमोनियाच. ताई, पुन्हा तोच शब्द! भिंतीला टेकून उभी राहिले आणि डॉक्टरीणबाईंना एका दमात सगळं सांगितलं, ह्यांच्या आजारापासून डब्यापर्यंत. त्या तरुण आहेत पण ऐकून घेतात. म्हणाल्या, डबा आणा.

मॅनेजर डबा घेऊन आले, देवघरातली मूर्ती आणावी तसा दोन्ही हातांत धरून. बाईंनी झाकण काढलं आणि आधी त्या हसू दाबत राहिल्या, मग दाबेना. काय नव्हतं त्यात! निम्म्या गोळ्यांची मुदत संपलेली, काही रक्तदाबाच्या, काहींच्या पाकिटावरचं नाव पुसलेलं, आणि एक तर कुणाच्या तरी कुत्र्याची. खांब पलंगावरून म्हणाला, ती मी घेतली का ते आठवत नाही, पण भुंकलो नाही एवढं खरं. ताप चढलेला असताना हे!

मग बाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, तुम्ही नाटकवाले, तुमच्या भाषेत सांगते. सांगितल्यापेक्षा अर्ध्या गोळ्या खाऊन सोडून देणं म्हणजे जंतूंची तालीम घेणं. औषधाच्या सगळ्या जागा ते पाठ करून ठेवतात, आणि खऱ्या प्रयोगाला आपणच आपटतो. मॅनेजरांनी कान पकडले. इतकी वर्षं तालीम चुकवली तर पगार कापणारा माणूस, पण या तालमीला त्याचा विरोध आहे म्हणाला.

थुंकी तपासून आली. डब्यातल्या ज्या गोळ्या तो खात होता त्यांना हे जंतू अजिबात दाद देत नाहीत. पण दुसरं एक औषध चालतंय. ऐकलंस ना ताई? चालतंय! आधी इंजेक्शनं, मग गोळ्या, त्याही बाई थांबा म्हणेपर्यंत. कालपासून ताप उतरतोय. काल मी त्याच्यापाशी बसून रडले आणि त्याला वाटलं काहीतरी वाईट झालं, म्हणून तोही रडायला लागला. शेवटी नर्सनं दोघांना दटावलं.

आता राहिला प्रयोग. गडी कोण करणार? सगळं नाटक तोंडपाठ असलेलं माणूस कंपनीत एकच. मॅनेजर माझ्याकडे बघायला लागले. मी मागे वळून पाहिलं, तर मागे भिंत होती.

थोडे दिवस येणार नाही. ती विणलेली वस्तू पाठवून दे, खांबाला गळ्याला हवीय. लोभ आहे तसाच उबदार राहू दे.

तुझी धाकटी


ता. २४ नोव्हेंबर

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

कंपनी मला इथे सोडून पुढच्या गावी गेली आणि आमची काकू गडी होऊन सोबत गेली, हे मी शेजारच्या पलंगावरच्या आजोबांना सांगितलं. त्यांना वाटलं, तापात बडबडतोय.

तब्येत सुधारतेय. इंजेक्शनं संपली, गोळ्या चालू झाल्या. पायऱ्या चढलो तर धाप लागते, पण टोचत नाही. मावशींनी पाठवलेली तुझी वस्तू गळ्यात आहे. डॉक्टरीणबाईंनी ती काय आहे असं विचारलं, मी वारसा आहे म्हणालो.

काकू, एकच काळजी वाटते. तू सगळ्यांना वाक्य सांगतेस. तू अडलीस तर तुला कोण सांगणार? स्टूल रिकामं आहे. मॅनेजर मालक होऊन स्टेजवर असतील. माझा सल्ला ऐक, ग्लासाकडे बघू नकोस, मालकाकडे बघ, काका म्हणायचे, मी तसंच करतो. पाणी सांडलं तर सांडू दे.

लोभ सगळा तुलाच, थोडा त्या ग्लासाला.

तुझा
खांब


ता. ३० नोव्हेंबर

चि. खांबास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी सांगते, गोळ्या चालू आहेत ना? एकही चुकवायची नाही. आता प्रयोग.

काकांचा कोट मला गुडघ्यापर्यंत आला. बाह्या चार वेळा दुमडल्या. मिशी लावायची म्हणून मेकअपवाल्या नानांनी पुढे केली, मी म्हटलं, मला शिंक येते. पडदा वर गेला आणि मला पहिल्यांदा कळलं की समोरून दिव्यांच्या झोतात लोक दिसतच नाहीत. जन्मभर कडेनं पाहत आले मी. तुझे काका रोज अशा काळोखात शिरायचे आणि तिथून हसू घेऊन यायचे. तेव्हा मला त्यांचा फार अभिमान वाटला.

ग्लास नीट झाला. पहिल्या खेपेला लोक जरा थांबले, बाई आहे का बुवा आहे ठरवेनात. दुसऱ्या खेपेला हसले. तिसऱ्या खेपेला मॅनेजरांनी रिकामा ग्लास तोंडाला लावला आणि हलले, पण ते हलणंही खपून गेलं. मला वाटलं, जमलं की!

मग आलं नाटकाचं शेवटचं वाक्य. मालक आजारी पडतो, गडी त्याच्या अंगावर पांघरूण घालतो आणि म्हणतो, निजा आता मालक, जागायला मी आहे. एवढंच वाक्य. विंगेतून किती वेळा मी ते सांगितलं असेल. पण दवाखान्यात तुझे काका रोज मला हेच म्हणायचे. आजारी स्वतः, आणि मला म्हणायचे, नीज आता, जागायला मी आहे. पांघरूण हातात धरलं आणि खांबा, मी अडले. वाक्य समोर दिसतंय पण निघत नाही. मी सवयीनं विंगेकडे पाहिलं. तिथे माझंच स्टूल, रिकामं.

किती वेळ गेला कोण जाणे. आणि शेवटच्या रांगेतून कुणीतरी ते वाक्य म्हटलं. पुरुषाचा जाडा आवाज, अगदी स्पष्ट. लोकांना पाठ आहे रे आपलं नाटक!

आणि मला काय झालं कुणास ठाऊक. प्रॉम्प्टर तो प्रॉम्प्टरच. मी झटकन पुढे झाले आणि त्या काळोखावर खेकसले, "हळू सांगा, प्रेक्षकांना ऐकू जातं!"

छप्पर उडालं. लोक उठून हसत होते, मॅनेजर मेल्यासारखे निजायचे सोडून पांघरुणात गदगदत होते. हसू ओसरलं तेव्हा अडलेलं सुटलं होतं. मी वाक्य म्हटलं, आणि त्या मागच्या गृहस्थासाठी नीट, सावकाश म्हटलं. पडदा पडल्यावर स्टुलावर जाऊन बसले आणि पोटभर रडले. चांगलं रडले.

बरा हो आणि ये. मालक तूच, खांबाशिवाय मला चढता येत नाही. गडी मात्र परत मिळणार नाही, मागू नकोस.

तुझी
काकू


ता. १२ डिसेंबर

ती. मावशींस,
खांबाचे सा. न. वि. वि.

काकू लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. तिला आता सवड नसते. वर्तमानपत्रवाले येतात.

डॉक्टरीणबाईंनी मला परवानगी दिली, पण नुसतं उभं राहायची, धावायची नाही. मी म्हटलं, माझं काम तेवढंच आहे. फुप्फुसावरचा ढग जवळजवळ गेलाय. गोळ्या मात्र थोड्या राहिल्या होत्या. खरं सांगतो, मावशी, अंगात बळ आलं होतं, जेवण जात होतं, आणि जुनी खोड जात नाही. काल प्रयोगाआधी दुपारची गोळी घ्यायची राहिली. आणि ती राहिली म्हणजे नुसती विसरली असं नाही. पाकीट हातात होतं, मनात आलं, आता काय गरज, मी ठणठणीत आहे. पाकीट मेकअपच्या टेबलावर टाकलं आणि स्टेजवर गेलो.

काकूची पहिली खेप झाली, दुसरी झाली. लोक हसून बेजार. तिसऱ्या खेपेला ग्लास रिकामा येणार हे मला, लोकांना, सगळ्यांना ठाऊक. मी हात पुढे केला, आणि ग्लास जड लागला. काठोकाठ भरलेला. ट्रेच्या जागी त्या पत्र्याच्या डब्याचं झाकण होतं, आणि झाकणावर माझी गोळी.

मी मालक, मला बोलायचं काहीच नाही. एवढ्या लोकांसमोर काय करू? मी खांबासारखा उभा. काकूही उभी. ती हलेना. कोटाच्या बाह्या सावरून, मान वर करून, माझ्या तोंडाकडे बघत. लोकांना वाटलं नवीन प्रवेश घातलाय आणि ते हसू लागले. विंगेतून मॅनेजर अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "गिळा, मालक!" मी गोळी तोंडात टाकली आणि पाणी सगळं प्यायलो. काकूनं माझं तोंड उघडायला लावून आत पाहिलं, लोकांकडे वळून मान डोलावली, आणि टाळ्या थांबेनात. इतक्या वर्षांत या नाटकातल्या मालकाला पहिल्यांदा पाणी मिळालं.

शेवटी मी आडवा झालो. तिनं पांघरूण घातलं, कानापर्यंत नीट खोचलं, जसं लहानपणी खोचायची. मग वाक्य म्हटलं, निजा आता मालक, जागायला मी आहे. तिचा आवाज कुठेही अडला नाही. डोळे मिटून मी मालकासारखा पडून होतो, म्हणून डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसलं नाही.

आज सकाळी शेवटची गोळी घेतली. डबेवैद्य निवृत्त झालेत, आतल्या गोळ्या दवाखान्यात जमा केल्या. डब्यात आता बटणं आणि टाचण्या असतात. कंपनीत कालपासून आणखी दोघांना सर्दी आहे. ते गुमान नाक शिंकरत गरम पाणी पितात, कारण स्टुलाजवळून कुणीतरी त्यांच्याकडे बघत असतं.

तुमचा लोभ काकूनं बरोबर आणलाय, माझ्या वाटचा थोडा वेगळा ठेवावा. गळ्यात वस्तू आहेच.

तुमचा
खांब